रिकामं कोंदण

आधीच सांगते, मी तोंडाची फटकळ आहे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "तुझ्या जिभेला एकदा कानस लावायला पाहिजे." हे गेले, कानस राहिली आणि जीभ आहे तशीच आहे. तेव्हा पाहुण्याबद्दल सांगताना मी मध्येच डाफरले तर मनावर घेऊ नका. हल्ली मी बहुतेक वेळा स्वतःवरच डाफरत असते.

पाहुणा म्हणजे माझ्या दुकानातला कारागीर. एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या बाकावर बसला. परदेशातून आला होता, खिशात एका ओळखीच्या सराफाची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत लिहिलेलं, "हाताचा चांगला आहे, पंधरा दिवस ठेवून बघा." मी म्हटलं, पंधरा दिवसांचा पाहुणा आहे, बसू दे. तेच नाव पडलं. पुढे दरवर्षी त्या तारखेला तो बाकावरून उठायचा, हात पुसायचा आणि चेहरा अगदी गंभीर करून म्हणायचा, "बाई, पंधरा दिवस झाले. निघू?" मी म्हणायचे, "आधी तो सांधा पुरा कर, मग नीघ." एकोणीस वर्षं आम्ही या विनोदावर हसलो. एकोणीस वर्षं ज्या माणसाला आपण पाहुणा म्हणून हाक मारतो त्याला ते कसं लागत असेल, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. आता येतं. आता येऊन काय उपयोग?

आमचं दुकान काही मोठं नाही. पुढे काउंटर, मागे कामाची खोली, वर भाड्याने द्यायची एक खोली. कामाच्या खोलीत खिडकीखाली दोन बाक समोरासमोर. प्रत्येक बाकाला पोटाशी अर्धगोल कापलेलं आणि खाली चामड्याचा पदर टांगलेला, म्हणजे कानशीचा कीस जमिनीवर न पडता त्यात पडतो. पत्रा कापणं, तार ओढणं, सांधे झाळणं, म्हणजे तापवून जोडणं, हे त्याचं काम. खडे बसवणं माझं. तो कोंदण करायचा, मी ते भरायचे. कोंदण म्हणजे खड्याचं घर. चारी बाजूंनी पातळ उभी कड असते. खडा आत ठेवायचा आणि पोलादी दांडीने ती कड हळूहळू त्याच्यावर वळवायची. चाळीस वर्षं मी हेच केलंय. रिकामं कोंदण समोर दिसलं की माझे हात शिवशिवतात. ही माझी खोड लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिनेच घातलाय.

तो उंच होता, बाकावर बसून बसून जरा वाकलेला. शीळ घालायचा, ती बेसूर. आमची भाषा तो माझ्याच दुकानात शिकला, त्यामुळे माझ्या शिव्या आधी आल्या आणि बाकीचं नंतर. एकदा एका मोठ्या घरच्या बाईंच्या हातात अंगठी देताना प्रेमाने म्हणाला, "घाल मेले, छान दिसते." मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायचं नाटक केलं. त्या बाई मात्र हसत हसत गेल्या आणि पुढच्या वेळी त्यालाच विचारत आल्या.

मोकळा वेळ मिळाला की तो स्वतःचं काहीबाही करायचा. मी त्याला भंगारकाम म्हणायचे. पहिली अकरा वर्षं त्याला राहण्याचा परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागायचा, आणि कार्डावरच्या फोटोत कान स्पष्ट दिसलाच पाहिजे असा त्या कार्यालयाचा नियम. का, ते देव जाणे. कायमचा परवाना हातात आला त्या आठवड्यात त्याने जुन्या अकरा कार्डांतून नेमका कान तेवढा कापून काढला, एकेक कान चांदीच्या पातळ चौकटीत बसवला आणि प्रत्येकाला तांदळाच्या कणीएवढं डूल घातलं. अकरा कानांचा हार.

मी म्हटलं, "हा कोण घालणार गळ्यात? तुझी सासू?"

तो म्हणाला, "बाई, त्यांना माझा कान बघायची एवढी हौस. म्हटलं, जरा सजवून दाखवू."

मला तो नुसता वात्रटपणा वाटला. दागिना म्हणजे शोभेची वस्तू, एवढंच मला ठाऊक. दागिन्याला राग येऊ शकतो, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

शिंपी आला तो सातव्या वर्षी. पाहुण्याच्याच देशातला, कोटांच्या कारखान्यात कामाला. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. वरच्या खोलीत पाहुणा राहायचाच, तिथे हाही राहायला आला. सोबत एक शिवणयंत्र, एक पेटी आणि एक कुंडी. भाडेकरूंना मी कुंड्या ठेवू देत नाही, पाणी झिरपतं. तसं मी जिन्यातच ठणकावून सांगितलं. चार दिवसांनी माझा जुना कोट खुंटीवरून गायब झाला आणि संध्याकाळी नवं अस्तर लावून परत आला. कुंडी राहिली.

वर्षाच्या आत छत गळायला लागलं म्हणून मी गवंड्याला घेऊन वर गेले. खोलीत एकच पलंग होता. दोन उशा, आणि गादीला मधोमध पडलेला खळगा. गवंडी छताकडे बघत होता, मी पलंगाकडे. मी काही दूधखुळी नाही. मला तिथल्या तिथे कळलं. आणि खरं सांगते, मला त्यात वावगं असं काही वाटलं नाही. माणसं नीटनेटकी, भांडण नाही, आवाज नाही, जिना झाडलेला. मला भीती वाटली ती वेगळीच. हा गवंडी गल्लीभर फिरतो, याने हे बघितलं तर?

म्हणून मीच मोठ्याने म्हणाले, "मावसभाऊ आहेत हो दोघं. लहानपणापासून एकत्र वाढलेत."

कोणी विचारलंही नव्हतं. गवंडी "हं" म्हणाला आणि शिडी मागायला गेला. पण माझ्या तोंडून एकदा निघालं ते निघालं. मग मी शेजारच्या चष्म्याच्या दुकानवालीला सांगितलं, समोरच्या बेकरीत सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. हळूहळू मी त्या दोघांची मावशीसुद्धा तयार केली, तिला गुडघेदुखी दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणायचे. मूठ कोणाची आणि झाकतंय कोण, हा प्रश्न मी स्वतःला कधी केला नाही.

पाहुण्याच्या कानावर हे जायचंच. एकदा झाळताना मान वर न करता म्हणाला, "बाई, आमच्या मावशीचे गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत, तू तुझं काम कर." तो हसला नाही, एवढं मला आठवतं.

आता त्या फॉर्मचं सांगते. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाने दरवर्षी एक फॉर्म भरून परवाना कार्यालयात पाठवायचा असतो. कोण राहतं, परवान्याचा क्रमांक काय, आणि अगदी खाली एक छोटी चौकट: 'एकमेकांशी नातं'. शिंपी आला त्या वर्षी पाहुण्याने सगळं सुवाच्य अक्षरात भरून फॉर्म सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. खालची चौकट रिकामी.

"हे राहिलं," मी म्हटलं.

"राहू द्या तसंच."

"अरे, रिकामं ठेवलं की विचारतात."

"विचारू द्या. खोटं लिहायचं नाही, आणि खरं लिहिलेलं अजून त्यांना चालत नाही. म्हणून रिकामं. विचारलं तर मी सांगेन."

मी मान डोलावली, सही केली, तो कामाला बसला. आणि फॉर्म पाकिटात घालायच्या आधी मी पेन उचललं आणि त्या चौकटीत लिहिलं, 'मावसभाऊ'. चौकट भरली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. तो विश्वासाने रिकामी ठेवायचा, मी गुपचूप भरायचे. बारा वर्षं. त्याला मी हे कधी सांगितलं नाही. वाईट हेतू नव्हता हो माझा. पण हेतू कोणता होता हेही तेव्हा मी तपासून बघितलं नाही.

मग दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. कोटांचा कारखाना बंद पडला, आणि शिंप्याचा परवाना त्या नोकरीवर होता, तो गेला. त्याच सुमारास नियम बदलला. कायमचा परवाना असलेल्या माणसाला आपला जोडीदार सोबत ठेवता येईल, मग तो बाई असो की पुरुष. फक्त दहा वर्षं एका घरात संसार केल्याचा पुरावा हवा. पाहुणा त्या दिवशी शीळ घालत आला. म्हणाला, "बाई, आता त्या चौकटीत खरं लिहिता येईल." मला ते बारा फॉर्म आठवले. तोंडाने मी म्हणाले, "अरे वा."

पंधरा दिवसांनी तो कार्यालयातून परत आला तेव्हा शीळ नव्हती. बाकावर बसला, पण हत्यार उचललं नाही.

"बाई, आमच्या फाइलमध्ये बारा फॉर्म आहेत. बारांवर लिहिलंय, मावसभाऊ. ते म्हणतात, एक तर तेव्हा तुम्ही खोटं बोललात किंवा आता बोलताय."

मी काय करावं? माफी मागावी. मी उलट चढ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच केलं मी! रिकामं ठेवून बोभाटा करायचा होता का?"

"मला माहीत आहे भल्यासाठी केलंत." तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. "तीन आठवड्यांनी सुनावणी आहे. तुम्ही या आणि एवढंच सांगा, की तो शब्द तुमचा होता. आम्ही कधी तसं लिहिलं नाही, म्हटलं नाही. आमच्या वकीलबाई म्हणतात, तुम्हाला फार तर एक ताकीद देतील. पण तुम्ही सांगितलंत तर त्याला राहता येईल. नाहीतर महिन्याच्या आत जावं लागेल."

"येईन की! त्यात काय एवढं!" मी म्हटलं. आणि तेव्हा मला खरंच वाटत होतं की त्यात काय एवढं.

त्या तीन आठवड्यांत पाहुण्याने जे केलं ते मी रोज समोर बसून पाहिलं. कोरा फॉर्म बाकावर ठेवून त्याने ती छोटी चौकट मोजपट्टीने मोजली. अठरा मिलिमीटर रुंद, अकरा उंच. नेमक्या त्या मापाच्या चौकटी करायला लागला, मागे पिन, छातीशी लावायचे ब्रोच. पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या, जुन्या पातेल्याच्या पत्र्याच्या. आत काही नाही, आरपार. लावणाऱ्याच्या अंगावरचं कापड तेवढं त्यातून दिसायचं. त्याच्या नकळत हातातून कड उभीच यायची, कोंदणासारखी, कारण मीच त्याला तसं वळण लावलं होतं. दोनशे बारा केल्या त्याने. माणसं येऊन घेऊन जायची. लाँड्री चालवणाऱ्या दोघीजणी आल्या. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांचा मित्र इस्पितळात गेला तेव्हा दारातच 'तुम्ही त्यांचे कोण' विचारून त्यांना बाहेर बसवलं होतं. एकतीस वर्षांचा मित्र. ते ब्रोच हातात धरून बराच वेळ त्यातून पलीकडे बघत राहिले. मी त्यांना चहा दिला आणि आत निघून गेले, मला ते बघवेना.

चांदीच्या चौकटी त्याने तीनच केल्या. एक स्वतःला, एक शिंप्याला, एक मला. सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या बाकावर आणून ठेवली. "उद्या लावाल ना, बाई?"

"लावीन."

तो बाहेर गेला, मी ती चौकट हातात घेतली. काय काम केलं होतं! सांधा शोधून सापडत नव्हता. आणि मधे रिकामं. मी ती कोटाला लावून आरशात बघितली. सगळी गल्ली ओळखेल, कार्यालयातले सगळे ओळखतील, म्हणतील, ही पण त्यांच्यातली. बारा वर्षं खोटं लिहिणारी बाई ती हीच. मी ब्रोच काढला. खणात आमच्या ह्यांनी कधीतरी घेऊन ठेवलेला एक चौकोनी लाल खडा पडला होता, बरोबर त्या मापाच्या जवळपासचा. कडेने जरा घासला आणि बसला. दांडी घेतली, कड वळवली. वीस मिनिटांचं काम.

नंतर मी सगळ्यांना सांगत फिरले की मला ते अपुरं वाटलं, सवयीने हात गेला, म्हातारपण हो. सांगायला सोपं होतं, माझ्या धंद्यातल्या कोणालाही पटेल असं. पण इथे खरं सांगते. मला ठाऊक होतं ते पुरं आहे. खडा घातला की तो साधा ब्रोच होणार होता, आणि मी साधी दुकानदारीण.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेर शेदोनशे माणसं होती. घोषणा नाहीत, फलक नाहीत. कोट, स्वेटर, शर्ट, आणि प्रत्येकाच्या छातीवर ती रिकामी चौकट. पाहुणा आणि शिंपी दारापाशी उभे होते. शिंप्याने दोघांचे कोट इस्त्री केलेले. पाहुण्याची नजर माझ्या ब्रोचवर गेली आणि तिथेच थांबली. कारागीर तो, त्याला एका नजरेत सगळं कळलं असणार. त्याने दार उघडून धरलं, "या, बाई."

आत टेबलामागे एक अधिकारीबाई होत्या. वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. सकाळपासून खिडकीतून ती माणसं बघत असाव्यात. माझ्याकडे बघून जरा हसल्या. "बाहेर सगळ्यांच्या चौकटी रिकाम्या आहेत. तुमच्यात खडा दिसतोय. छान आहे." आणि काय सांगू, मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, मला हायसं वाटलं.

त्यांनी बारा फॉर्म पत्त्यांसारखे माझ्यापुढे मांडले. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"मावसभाऊ आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मागच्या बाकावर पाहुणा, शिंपी आणि वकीलबाई बसले होते. मला एवढंच म्हणायचं होतं: कोणी नाही, मीच लिहिलं, ते मावसभाऊ नाहीत. सकाळी भांडी विसळताना मी ते पाच वेळा म्हणून पाहिलं होतं. गिऱ्हाइकाचं, पोस्टमनचं, कोणाचंही तोंड बंद करणारी मी. त्या खोलीत माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्या बाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. आता मी जे बोलेन ते लिहिलं जाणार.

मी म्हणाले, "त्यांनीच सांगितलं असेल."

बस. तीन शब्द. पेन सरसर चाललं. वकीलबाई उठून काहीतरी बोलायला लागल्या, मला परत विचारा म्हणाल्या. मला परत विचारलंही, आणि मी म्हणाले, "आता नक्की आठवत नाही." मला सगळं आठवत होतं. कोणत्या पेनाने लिहिलं तेसुद्धा.

शिंप्याला तीस दिवस मिळाले. पाहुण्याला राहता आलं असतं, त्याचा परवाना कायमचा होता. तो म्हणाला, "नाही बाई, दोघं जातो." कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड होतं का मला?

निघायच्या दिवशी त्याने आपला बाक स्वच्छ केला. चामड्याच्या पदरातला कीस कुंच्याने गोळा करून डबीत भरला आणि डबी माझ्यापुढे ठेवली, हा आमच्या कामाचा शिरस्ता. हत्यारं पुसून ओळीने लावली. मी बाकावर बसून होते, वाट बघत होते की आता बोलेल, आता चार शब्द सुनावेल, म्हणजे मला रडता तरी येईल. तो माझ्याजवळ आला. माझ्या कोटावर ब्रोच तसाच होता, काढायचंही धैर्य झालं नव्हतं. त्याने भिंग डोळ्याला लावलं, वाकला आणि कारागिराच्या नजरेने तो खडा पाहिला.

"सरळ बसलाय," म्हणाला. "तुमचा हात अजून थरथरत नाही, बाई."

मग भिंग खाली ठेवलं आणि म्हणाला, "पंधरा दिवस झाले. निघतो."

मला म्हणायचं होतं, आधी तो सांधा पुरा कर. नाही म्हणता आलं. शिंपी जिन्यातून पेटी घेऊन उतरला. कुंडी त्याने माझ्या काउंटरवर ठेवली आणि पहिल्यांदाच ओठांत टाचण्या नसताना माझ्याशी बोलला. "दोन दिवसांनी एकदा पाणी. जास्त नाही." माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात मी कार्यालयाला पत्र लिहिलं. सगळं खरं, बारा वर्षांचं, मावशीच्या गुडघ्यांसकट. सही केली, स्वतः नेऊन दिलं. घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी नीट जेवले. महिन्याने उत्तर आलं, दोन ओळींचं. संबंधित व्यक्तींनी देश सोडल्याने फाइल बंद करण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार. आभार! मी तो कागद चुरगाळला आणि मग परत सरळ करून खणात ठेवला. ताकीदसुद्धा दिली नाही हो त्यांनी मला.

खडा मी काढला. कड एकदा वळवली की परत उभी करताना चांदी चिरते, तशी एका कोपऱ्यात चिरली. झाळून घेता आली असती, पण झाळायचं काम त्याचं. तशीच लावते रोज, चिरलेली आणि रिकामी. गिऱ्हाइकं सांगतात, "बाई, तुमचा खडा पडलाय." मी म्हणते, "पडला नाही, काढला." मग ते विचारतात का, आणि मी सांगते. वरच्या खोलीत दोघं राहायचे, ते मावसभाऊ नव्हते, बारा वर्षं संसार केला त्यांनी माझ्या डोक्यावर, आणि मी त्यांना घालवलं. काही जण पिशवी आवरतात, काही घड्याळ बघतात. एकजण म्हणाला, "जाऊ द्या हो, झालं गेलं." मी त्याला त्याची अंगठी दुरुस्त न करताच परत दिली.

परवा चष्मेवाली आली. चष्म्याचा बारीक स्क्रू निघाला की तिला माझा चिमटा लागतो. अठरा वर्षं शेजारी आहे, पण हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं. तिला सांगणंच मला सगळ्यात जड जात होतं, कारण मावसभाऊ ही थाप सगळ्यात जास्त वेळा तिलाच मारलेली. शेवटी एकदाचं सांगितलं. श्वास न घेता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, 'त्यांनीच सांगितलं असेल'सकट.

तिने कोटाची कड उलटून दाखवली. आतल्या बाजूला पितळेची चौकट टाचलेली होती, अठरा बाय अकरा.

"त्या दिवशी मी पण उभी होते तिथे," ती म्हणाली. "मागे, झाडाखाली. तुम्ही आत गेलात तेव्हा शेजारच्या माणसाला म्हटलं, आता काळजी नाही, आमच्या बाई कोणाला ऐकणाऱ्यातल्या नाहीत."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अहो, सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्या बेकरीवाल्याला, गवंड्याला, सगळ्यांना. पहिल्यापासून."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"तुम्ही मावसभाऊ म्हणायचात. आम्हाला वाटलं, तुम्हाला झेपत नसेल. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्हीही मावसभाऊ म्हणायचो."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. मी आयुष्यभर किती जणांचे टोचले, माझे टोचायला मात्र चष्मेवाली यावी लागली, आणि तीही सगळं होऊन गेल्यावर. मी तिच्या हातातून चष्मा घेतला, भिंग लावलं आणि स्क्रू बसवायला लागले. नेहमीचं, दोन मिनिटांचं काम. स्क्रू तीनदा हातातून सुटला. तिसऱ्यांदा तो समोरच्या बाकाखाली गेला, पाहुण्याच्या, आणि ती वाकून तो शोधत असताना मी आपली तशीच बसून राहिले.